बाद नको, साखळी हवी

महिंद्रा युनायटेडने 2005-06 च्या हंगामात नॅशनल फुटबॉल लीग जिंकली. देशातली सर्वोच्च साखळी स्पर्धा जिंकणारा महाराष्ट्रातला तो पहिला संघ. त्यानंतर चारच वर्षांनी, 2010 मध्ये, संघ बंद झाला. खेळाडू दुसरीकडे गेले, मुंबईच्या कूपरेज मैदानावर लाल जर्सी घालून येणारे प्रेक्षक घरी बसले आणि पाठीमागे उरले ते फक्त चषक.

जर्मनीतल्या कार्ल्सरुहे शहरातल्या एका क्लबची कहाणी याच्या शेजारी ठेवून बघण्यासारखी आहे. कार्ल्सरुहर एफव्ही हा क्लब 1891 साली वाल्टर बेन्झेमान या तरुणाने काढला. 1910 साली तो अख्ख्या जर्मनीचा विजेता ठरला. पुढे उतरती कळा लागली आणि 2004 च्या सुमारास क्लबचं दिवाळं निघालं. तरीही तो संपला नाही. काही वर्षांनी सभासदांनी पुन्हा संघ उभा केला आणि जिल्ह्याच्या सर्वांत खालच्या श्रेणीत नाव नोंदवलं. एके काळच्या राष्ट्रीय विजेत्याला तळाच्या पायरीवर उभं राहायला जागा मिळाली, कारण ती पायरी तिथे होती. महिंद्राच्या प्रेक्षकांना अशी पायरी कुठे शोधायची, हे सांगणारं कोणी नव्हतं.

ही पायरी एका दिवसात बांधलेली नाही. ऑक्टोबर 1897 मध्ये कार्ल्सरुहेत आठ क्लबांनी एकत्र येऊन दक्षिण जर्मनीची फुटबॉल संघटना स्थापन केली. त्या वेळी देशाची संघटना अस्तित्वातही नव्हती; ती जानेवारी 1900 मध्ये लाइप्झिगला जन्मली. आधी प्रांत, मग देश, असा तो क्रम होता. 1903 साली पहिलं राष्ट्रीय अजिंक्यपद खेळलं गेलं तेव्हा त्यात सहाच संघ होते आणि कारभार अगदीच कच्चा होता. उपांत्य सामना पुढे ढकलल्याची तार कार्ल्सरुहेच्या संघाला आली, म्हणून तो प्रवासाला निघालाच नाही. तार खोटी होती. न खेळताच तो संघ बाद झाला आणि प्रतिस्पर्धी प्राग थेट अंतिम फेरीत गेला. आल्टोनाच्या मैदानावर अंतिम सामन्याच्या दिवशी धड चेंडू मिळेना, म्हणून खेळ सुमारे अर्धा तास उशिरा सुरू झाला. शेवटी लाइप्झिगने प्रागला 7-2 असं हरवलं.

इतका गोंधळ होऊनही खेळ वाढला. कारण वर काहीही होवो, खाली आपापल्या मुलुखात ठरलेल्या दिवशी ठरलेले सामने होतच राहिले. देशभरासाठी एकच बुंडेसलिगा सुरू झाली ती थेट 1963 मध्ये. तोवरची साठ वर्षं जर्मन फुटबॉल मुलुखा-मुलुखांतल्या साखळ्यांवरच पोसला गेला.

आता मुंबईकडे येऊ. मुंबईची हारवुड लीग 1902 साली सुरू झाली, म्हणजे जर्मनीच्या त्या गोंधळलेल्या अंतिम सामन्याच्या एक वर्ष आधी. कोलकात्याची लीग तिच्याहून चार वर्षांनी मोठी. मुंबईचा रोव्हर्स कप तर 1891 चा, कार्ल्सरुहेच्या क्लबचा समवयस्क. पश्चिम भारत फुटबॉल संघटना 1911 ची. सुरुवातीच्या काळात मैदानावर गोऱ्या पलटणींचं राज्य होतं; रोव्हर्सवर भारतीय संघाचं नाव कोरलं जायला 1937 साल उजाडावं लागलं आणि तो संघ होता बंगळूरचा. म्हणजे वयाच्या हिशेबाने मुंबईचा फुटबॉल जगात कुणापुढे मान खाली घालावी असा नाही. मग मधल्या काळात निसटलं काय?

स्वातंत्र्यानंतर पलटणी गेल्या आणि त्यांची जागा कंपन्यांनी घेतली. टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, महिंद्रा: जुने प्रेक्षक ही नावं आजही एका दमात सांगतात. या व्यवस्थेने भलं पुष्कळ केलं, हे मोकळेपणाने म्हटलं पाहिजे. गोव्यातल्या, गिरगावातल्या, माहीमच्या पोराला पायातल्या कसबावर कायमची नोकरी मिळत होती. टाटा आणि कॅल्टेक्सकडून खेळलेल्या नेव्हिल डिसूझांनी 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारत तिथे चौथा आला. 1958 चा रोव्हर्स कप कॅल्टेक्सने मुंबईत ठेवला. मुंबई आणि महाराष्ट्राने मिळून संतोष ट्रॉफी चार वेळा जिंकली आहे.

पण कंपनीचा संघ हा कंपनीच्या ताळेबंदातला एक खर्च असतो. बाजार बदलला, मालक बदलला, की पहिली कात्री तिथेच लागते. त्या संघांना मोहल्ला नव्हता, वर्गणीदार सभासद नव्हते, संघ बुडाला तर रडायला आणि पुन्हा उभा करायला माणसं नव्हती. रोव्हर्स कपही 2000-01 नंतर थांबला. एकशे दहा वर्षांची स्पर्धा गेली आणि शहराने सुतकही पाळलं नाही.

उलट उदाहरण शोधायला महाराष्ट्राबाहेर जायला नको. कोल्हापुरात फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावं कुठल्याही जाहिरातीवर जगत नाहीत. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन शाहू स्टेडियमवर दर हंगामात वरिष्ठ गटाची साखळी घेते. सोळा संघ एकमेकांशी भिडतात आणि तळाला गेलेल्या संघाच्या पेठेत सुन्न शांतता असते. तिथे हुल्लडबाजी होते, ईर्ष्या कधी कधी हातघाईवर येते, बाहेरून, अगदी नायजेरियातूनही, खेळाडू आणल्याने घरच्या पोरांना बाकावर बसावं लागतं, हे सगळं खरं आहे आणि त्यावर कडक उपाय हवेतच. तरीही 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताची जर्सी घालणारा अनिकेत जाधव याच मातीतला. ज्या गावात लहान पोरगा मोठ्या भावाचा सामना दर आठवड्याला बघतो, तिथे अशी मुलं निपजतात.

आता आपल्या भागाकडे बघू. कल्याण-डोंबिवलीत फुटबॉल नाही असं म्हणणाऱ्याने पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी सकाळी सुभाष मैदानाकडे किंवा डोंबिवलीच्या भागशाळा मैदानाकडे चक्कर मारावी. घोट्याएवढा चिखल, दोन्हीकडे चपलांचे गोलपोस्ट, मध्ये वीस-बावीस पोरं. पावसाने जड झालेला चेंडू डोक्यावर घेताना येणारा तो थपकन आवाज रस्त्यापर्यंत ऐकू येतो. उत्साहाची वानवा नाही. वानवा आहे ती वेळापत्रकाची.

कारण इथे होतात त्या बहुतेक 'ट्रॉफ्या'. दोन दिवसांच्या, बाद पद्धतीच्या, सात-सात जणांच्या, बऱ्याचदा तासावर भाड्याने घेतलेल्या टर्फवर. लाउडस्पीकर, बॅनर, पाहुण्यांचे सत्कार, रोख बक्षीस. एखादा संघ सकाळी नऊला हरतो आणि साडेनऊला बूट पिशवीत टाकून घरी निघतो. वर्षभरात त्याच्या वाट्याला असे चार सामने आले तर नशीब. चार सामन्यांत गोलरक्षकाला कॉर्नरवर पुढे कधी यायचं तेही कळत नाही. मराठीने या दोन पद्धतींना शब्द मोठे अचूक दिले आहेत. बाद पद्धत हरलेल्याला काढून टाकते, साखळी त्याला पुढच्या रविवारी परत बोलावते. शिकायचं वय असलेल्या मुलाला याहून जास्त गरज कशाची आहे?

ज्याला खरी साखळी खेळायची आहे त्याला मुंबई गाठावी लागते. कल्याणहून सीएसएमटी 54 किलोमीटर. सकाळच्या सामन्यासाठी पहाटेची लोकल, पाठीवर पिशवी, पिशवीला बाहेरून बांधलेले बूट, परत येताना अंगावरचा चिखल बघून डब्यातले लोक अंग चोरतात. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला हे दर आठवड्याला झेपत नाही आणि दहावीच्या वर्षी घरचेही पाठवत नाहीत. अंबरनाथ युनायटेड अटलांटा हा क्लब मुंबईच्या लीगमधून खेळत आय-लीगच्या दुसऱ्या श्रेणीपर्यंत पोहोचला, ही या पट्ट्यासाठी अभिमानाचीच गोष्ट. पण त्यासाठीही वाट मुंबईवरूनच गेली.

म्हणून मागणी साधी आणि नेमकी आहे. कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, टिटवाळा, भिवंडी या पट्ट्याची स्वतःची साखळी हवी. सुरुवात आठ संघांनी झाली तरी चालेल. कार्ल्सरुहेतही आठच होते. आठ संघ दोनदा एकमेकांशी खेळले की छप्पन्न सामने होतात, प्रत्येकाला चौदा. दर रविवारी दोन मैदानांवर दोन-दोन सामने ठेवले तर चौदा रविवारांत लीग पुरी होते. त्यासाठी महापालिकांनी या मैदानांवरचे रविवार हंगामाआधीच लेखी राखून द्यावेत, म्हणजे ऐन वेळी सभेचा किंवा प्रदर्शनाचा मंडप आला म्हणून सामना रद्द होणार नाही. जिल्हा संघटनेने पंच द्यावेत आणि गुणतक्ता दर सोमवारी लावावा. संघ मात्र शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा, वस्तीचा, रेल्वे कॉलनीचा, व्यायामशाळेचा असावा, वर्गणी भरणाऱ्या सभासदांचा असावा. प्रायोजक आला तर आनंदच, त्याचं नाव छातीवर छापावं, पण संघाची नोंदणी सभासदांच्या नावावर राहावी.

बक्षिसाची रक्कम कमी ठेवली तरी हरकत नाही. एका मोठ्या 'ट्रॉफी'च्या मंडपावर, लाउडस्पीकरवर आणि सत्कारांवर होणारा खर्च वाचवला, तर चौदा रविवारांची फक्की, चेंडू, पंचांचं मानधन आणि प्रथमोपचाराची पेटी यांची सोय लागू शकते. पावसाचे चार महिने क्रिकेटवाले तसेही मैदान सोडून असतात. जूनमधला पहिला रविवार धरला, तर गणपतीच्या आसपास पहिल्या हंगामाचा गुणतक्ता पूर्ण झालेला असेल आणि तळाच्या संघाला पुढच्या जूनची तारीख माहीत असेल.