रानांतील ससा व घरांतील ससा

ऊसतोडीच्या दिवसांत फडांत सांपडलेलें सशाचें पिलूं मुलें घरीं आणून गाईच्या दुधावर वाढवूं पाहतात. तें बहुधा दगावतें. आमच्या मतें तें जवळच्या बांधाच्या आडोशास ठेवावें; आई सांजवेळीं येऊन पाजून जाते. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें रानससा घरीं बाळगणें गुन्हा आहे.

पाळीव ससा निराळ्या जातीचा. त्याचे दांत जन्मभर वाढतात; ते झिजण्यास वाळलेलें गवत अष्टौप्रहर पुढें असावें. म्हशीची वैरण पारखून घेणारे आमचे कोल्हापूरकर बांधव सशास मात्र भाकरी व गाजरें चारतात, हें नवल होय! गाजर क्वचित् एखादा तुकडा पुरे. भाऱ्यांत तापलेल्या हिरव्या गवतानें पोट फुगतें. वैशाखांत खुराडें पत्र्याखालीं ठेवूं नये. उष्म्यानें ससा एका दुपारींत जातो.