औषध देणारा हात आणि हातोडा उचलणारा हात

मुंबई महानगरपालिकेचा कारभार ज्या कायद्याने चालतो, तो १८८८ सालचा आहे. त्या कायद्याच्या ६१ व्या कलमात महानगरपालिकेची अनिवार्य कर्तव्ये नमूद केली आहेत. सार्वजनिक रुग्णालये व दवाखाने चालविणे आणि घातक रोगांच्या फैलावास आळा घालणे ही त्यांपैकीच होत. त्याच कायद्याचे ३१४ वे कलम रस्त्यावरचे व पदपथावरचे बांधकाम नोटिशीवाचून काढून टाकण्याचा अधिकार आयुक्तांना देते. एक कलम रोग्याला वाचवावयास सांगते, दुसरे त्याचे घर पाडू देते. कायद्याच्या पुस्तकात ही दोन कलमे एकमेकांपासून दूर छापलेली असतात. झोपडीत राहणाऱ्या रोग्याच्या आयुष्यात मात्र ती एकाच आठवड्यात लागू होतात.

हे कसे घडते, ते क्षयाच्या कोणत्याही वॉर्डात जाऊन पाहावे. तेथे अशी एक बाई हमखास भेटते. खाडीकाठी किंवा नाल्याच्या कडेला तिचे घर. नवरा नाक्यावर उभा राहून मिळेल ते काम करणारा. स्वतः ती चार घरची धुणीभांडी करणारी. खोकला सुरू झाल्यावर पहिले दोन महिने ती वस्तीतल्या डॉक्टरकडून सुई टोचून घेत राहते, कारण सरकारी दवाखान्यात जाणे म्हणजे एक दिवसाचा खाडा आणि खाडा म्हणजे कामावरून कमी होणे. मग एके दिवशी खोकल्यातून रक्त पडते. पहाटेपासून केसपेपरची रांग, तेथून थुंकीची तपासणी, तेथून एक्स-रेची रांग. शेवटी ती दाखल होते. खाट रिकामी नसली तर दोन खाटांमधल्या जमिनीवर गादी पडते. निवासी डॉक्टर तरुण, सलग ड्यूटीने थकलेला; परिचारिका तीन जणींचे काम एकटीने करणारी. त्यांना दोष देणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. त्या वॉर्डात माणुसकी उणी नसते. उणी असते ती खाट आणि उणे असतात ते हात.

आठ-दहा दिवसांनी तिचा ताप उतरतो. नेमके त्याच सुमारास मुलगा धावत येतो आणि झोपडी तोडल्याचे सांगतो. घरातले कर्ते माणूस रुग्णालयात आणि दुसरे कामावर असताना पथक आले. भांडी बाहेर काढावयास पंधरा मिनिटे मिळाली. गोळ्यांचे पाकीट, उपचाराचे कार्ड, बँकेचे पासबुक, शिधापत्रिका हे सारे पत्र्यांखाली गेले. दुसऱ्या दिवशी तिला डिस्चार्ज मिळतो. पुढच्या गोळ्या घराजवळच्या आरोग्य केंद्रातून घ्याव्यात, असे कागदावर लिहिलेले असते. लिहिणाऱ्याचे काही चुकलेले नसते. ज्या शब्दाचा अर्थ काल होता, तो शब्द आज निरर्थक झालेला असतो, एवढेच. तो शब्द म्हणजे ‘घर’.

क्षयाचा उपचार साध्या क्षयात किमान सहा महिन्यांचा असतो. दोन महिन्यांतच खोकला कमी होतो, वजन वाढू लागते, रोग्याला बरे वाटते. पण जंतू शिल्लक असतात. मध्येच औषध तुटले तर उरलेल्या जंतूंतून औषधाला न जुमानणारा क्षय निपजतो. त्याची औषधे अधिक महाग, अधिक त्रासदायक. शिवाय असा रोगी खोकतो तेव्हा शेजाऱ्याच्या छातीत साधा क्षय जात नाही, तोच न जुमानणारा क्षय जातो. २०१२ च्या आरंभी डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत जवळजवळ सर्वच औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे रोगी सापडल्याचे जगापुढे मांडले, तेव्हा दिल्लीपर्यंत धावपळ झाली. प्रयोगशाळा वाढल्या, औषधे आली. २०१८ पासून रोग्याच्या पोषणासाठी दरमहा ५०० रुपये थेट बँक खात्यात जमा होऊ लागले आणि नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. देशातून क्षयाचे उच्चाटन करण्यासाठी २०२५ हे वर्ष मुक्रर झाले होते. ते वर्ष सरले आणि क्षय राहिला. या साऱ्या खटाटोपात एक प्रश्न कोणी विचारला नाही. ज्या रोग्याने एकाच पत्त्यावर सहा महिने राहून औषध घ्यावे, अशी शासनाची अपेक्षा आहे, त्याचा पत्ता पुसण्याचा उद्योग तेच शासन का करते?

झोपडपट्टी रोगट असते, म्हणून ती हटविणे हे आरोग्याचेच काम होय, असा युक्तिवाद हातोड्याचे समर्थक करतात. हा युक्तिवाद नवा नाही, त्याला सव्वाशे वर्षे उलटली. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग प्रकटला. रोग मोडण्यासाठी घरे मोडावयाची, हे इंग्रजी राज्याचे सूत्र ठरले. १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि नागपाड्यापासून त्याची पाडापाडी सुरू झाली. दाट वस्तीत हवा खेळती राहावी, हा उदात्त हेतू सांगितला गेला. घडले ते उलटेच. पाडलेल्या खोल्यांच्या मानाने बांधलेल्या खोल्या थोड्या होत्या आणि निघालेले कामगार शेजारच्या गल्लीतील आधीच भरलेल्या खोल्यांत कोंबले गेले. रुंद रस्ते झाले, त्यांवरून हवाही खेळली. पण ज्यांच्या नावाने ती खेळवली, ते त्या हवेत राहिले नाहीत.

पुण्यात १८९७ साली याच प्रश्नाची दोन उत्तरे शेजारी शेजारी उभी राहिली. रँडसाहेबाच्या कारकिर्दीत गोरे सोजीर घरांत घुसले, सामान रस्त्यावर फेकले गेले, माणसे ओढून छावण्यांत नेली गेली. याचा परिणाम असा झाला की लोक रोगी लपवू लागले. त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या आणि त्यातच १० मार्च १८९७ रोजी प्लेगने त्यांचा अंत झाला. रोग्याच्या घरावर चालून जाणारे राज्य आणि रोग्याला पाठीवर घेऊन येणारी बाई, यांपैकी आरोग्यसेवा कोणती, हे महाराष्ट्राला शिकविण्याची गरज नसावी. तरीही स्वराज्यातल्या नगरपालिकांनी वारसा घेतला तो रँडचा.

त्या वारशाची नोंद कागदोपत्री आहे. मानखुर्दच्या जनता कॉलनीतील लोकांना पालिकेनेच शहरातून उठवून तेथे आणून बसविले होते. मे १९७६ मध्ये, आणीबाणीच्या अंधारात, सुमारे ७० हजार माणसांची ती वस्ती जमीनदोस्त करून तिला ट्रॉम्बेच्या दलदलीत, चिता कॅम्पात लोटण्यात आले. जुलै १९८१ मध्ये, भर पावसाळ्यात, मुख्यमंत्री अंतुले यांच्या आदेशाने पदपथावरील माणसे बसगाड्यांत भरून शहराबाहेर सोडण्याची मोहीम निघाली. त्यातून ओल्गा टेलिस खटला उभा राहिला. १० जुलै १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निर्णय दिला की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क अंतर्भूत आहे, कारण उपजीविका काढून घेणे म्हणजे जगण्याचे साधनच काढून घेणे होय. जगभरच्या कायद्याच्या वर्गांत हा निकाल शिकविला जातो. त्याच निकालाने ३१४ वे कलम वैध ठरविले आणि पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत, घरे न पाडण्याची सवलत दिली, हे मात्र कमी शिकविले जाते. हक्क मान्य झाला आणि हातोडाही मान्य झाला.

पुढचा इतिहास या दुटप्पीपणाचाच विस्तार आहे. ऑक्टोबर २००४ च्या विधानसभा निवडणुकीत २००० सालापर्यंतच्या झोपड्यांना संरक्षण देण्याचे वचन देऊन काँग्रेस आणि राष्ट्रवादीची आघाडी सत्तेवर आली आणि काही आठवड्यांतच त्याच सरकारने मुंबईत ८० हजारांहून अधिक झोपड्या पाडल्या. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बुलडोझरच्या मनमानीला चाप लावून पंधरा दिवसांच्या नोटिशीचे बंधन घातले. देशभर त्याचे स्वागत झाले आणि ते रास्तही होते. परंतु रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी किंवा जलाशय येथील अनधिकृत बांधकामांना ते बंधन लागू नाही. शहरातला सर्वांत गरीब माणूस नेमका तेथेच राहतो. ज्याला घर आहे त्याला नोटीस मिळाली. ज्याला केवळ आडोसा आहे तो जेथे होता तेथेच राहिला.

पुनर्वसन केले जाते, असे उत्तर येथे दिले जाईल. त्या पुनर्वसनाचीही परीक्षा आरोग्याच्याच कसोटीवर घ्यावी. तानसा जलवाहिनीलगतच्या कुटुंबांना उठवून माहुलला नेण्यात आले. तेलशुद्धीकरण कारखान्यांना खेटून असलेल्या या भागातील हवेने रहिवाशांच्या आरोग्यास धोका असल्याचे राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्येच नोंदविले होते. ते ठाऊक असूनही माणसे तेथे नेली गेली. दमा, खोकला, त्वचेचे विकार घेऊन बायका रस्त्यावर बसल्या, तेव्हा कोठे सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने आणखी कोणालाही माहुलला पाठवू नये, असे बजावले आणि जाऊ न इच्छिणाऱ्या कुटुंबांना दरमहा १५ हजार रुपये भाडे देण्याचा आदेश दिला. गोवंडी-मानखुर्दकडील पुनर्वसनाच्या उंच इमारती एकमेकींना इतक्या चिकटून उभ्या आहेत की खालच्या मजल्यांवर सूर्यप्रकाश पोहोचत नाही. तेथे क्षय अधिक आढळतो, असा निष्कर्ष २०१८ साली पाहणीतून पुढे आला. झोपडीत निदान छपराच्या फटीतून ऊन येत होते. रोगट वस्ती आडवी होती, ती उभी केली आणि तिला विकास म्हटले गेले.

आता विरोधकांच्या रास्त म्हणण्याचा विचार केला पाहिजे. पदपथ चालण्यासाठी असतो. नाल्यावरची झोपडी पावसाळ्यात जीवघेणी ठरते. सरकारी जमिनीवर झोपड्या बांधून त्या विकणारे दादा आहेत आणि त्यांच्या पाठीशी पुढारीही आहेत. हे सारे खरे आहे. गटारावर राहणे हा कोणाचाही हक्क नव्हे आणि ती कोणाची हौसही नव्हे. परंतु दादाने विकलेल्या झोपडीवर हातोडा पडतो तेव्हा दादाचे काहीच जात नाही. तो पुढच्या महिन्यात तीच जागा पुन्हा विकतो. दंड भरतो तो फसवला गेलेला. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मुंबईतील सुमारे ५२ लाख माणसे, म्हणजे शंभरातील ४१-४२, झोपडपट्टीत राहत होती. शहराचा एवढा मोठा हिस्सा बेकायदेशीर असेल तर दोष त्या माणसांत शोधावयाचा की त्यांना कायदेशीर घर परवडू न देणाऱ्या जमिनीच्या बाजारात?

जमीन नव्हती, हेही खरे नाही. १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा अतिरिक्त जमीन गरिबांच्या घरांसाठी मिळवावी म्हणूनच झाला होता. मृणालताई गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेच्या द्वारा गोरेगावच्या अशा जमिनीवर सुमारे सहा हजार घरे उभी करून दाखविली. त्या मार्गाने जाण्याऐवजी राज्य सरकारने नोव्हेंबर २००७ मध्ये तो कायदाच गुंडाळला. मार्च २०२२ मध्ये मुंबईच्या सभागृहाची मुदत संपल्यावर साडेतीन वर्षांहून अधिक काळ शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. त्या काळात रुग्णालयातील औषधटंचाईचा जाब किंवा तोडलेल्या वस्तीचा हिशेब कोणाला विचारावा, हेच नागरिकाला कळत नव्हते.

उपाय अशक्य कोटीतले नाहीत. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने झोपडी अनधिकृत असली तरी तेथील माणसाला पाणी नाकारता येणार नाही, असा निर्वाळा दिला. पाण्याला जे तत्त्व लागू, ते औषधाला का लागू नसावे? कोणत्याही वस्तीला हात लावण्यापूर्वी तेथील उपचार घेणाऱ्या क्षयरोग्यांची, गरोदर स्त्रियांची, डायलिसिसवर असलेल्यांची यादी पालिकेच्या आरोग्य खात्याने प्रसिद्ध करावी. ती यादी त्याच पालिकेच्या दप्तरात आहे. तोडकाम खात्याने ती मागितली नाही आणि आरोग्य खात्याने ती पुढे केली नाही, एवढीच अडचण. रोग्याचा उपचार नव्या ठिकाणी प्रत्यक्ष सुरू झाल्यावाचून त्याचे घर हलवू नये. रुग्णालयाचा केसपेपर आणि उपचाराचे कार्ड हा वास्तव्याचा पुरावा मानावा. जे शासन त्या पत्त्यावर रोगी शोधत येते, त्याला तो पत्ता अमान्य करता येणार नाही. पुनर्वसनाच्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र देण्यापूर्वी तिच्या तळमजल्यावर ऊन आणि वारा पोहोचतो की नाही, हे पाहावे.

ही मागणी मंत्रालयात आपोआप मान्य होणार नाही. तिची सुरुवात वस्तीतल्या शाखेतून व्हावयास हवी. प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीतील रोग्यांची वही ठेवावी, कार्डाच्या व कागदांच्या प्रती शाखेत जपून ठेवाव्यात, कोणी रुग्णालयात दाखल असेल तर त्याच्या घराची जबाबदारी शेजाऱ्यांवर सोपवावी. पथक येईल त्या दिवशी घोषणा देणाऱ्यांइतकीच गरज ती वही हातात घेऊन अधिकाऱ्यासमोर उभे राहणाऱ्याची असते. या घरात उपचार चालू आहे, तो तोडण्याचा आदेश लेखी द्या आणि खाली सही करा, एवढेच त्याला म्हणावयाचे आहे. तोंडी हुकमावर चालणारे हात सहीची वेळ आली की थबकतात, हा चळवळीचा जुना अनुभव आहे. त्या थबकण्यात वॉर्डातल्या त्या बाईचे उपचाराचे उरलेले महिने मिळू शकतात, आणि तिला बरे व्हावयास तेवढेच हवे आहेत.