मढचा किल्ला दिसतो, मग गाणे का ऐकू येत नाही?

१/ मढच्या किल्ल्याविषयी आपण आवर्जून लिहितो. पोर्तुगीजांनी तो बांधला, १७३९ साली वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी जिंकला. मात्र शेजारच्या कोळीवाड्यातील गाण्याचा विषय निघाला, की ते ‘मनोरंजन’ ठरते आणि आपले इतिहासप्रेम आटते. या समजुतीला उत्तर पन्नास वर्षांपूर्वीच दिले गेले आहे.

२/ ते दिले अशोक दा. रानडे (१९३७–२०११) यांनी. गजाननबुवा जोशी यांच्यासारख्या गुरूंची तालीम लाभलेले हे गायक-अभ्यासक १९६८ पासून मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे संचालक होते. पुढे ते एनसीपीएमध्ये गेले. १९७१ मध्ये ‘संगीताचे सौंदर्यशास्त्र’ आणि १९७५ मध्ये ‘लोकसंगीतशास्त्र’ हे त्यांचे ग्रंथ आले.

३/ दुसऱ्या ग्रंथाचे नावच पाहा. रागसंगीताला ‘शास्त्रीय’ म्हटले, की उरलेल्या संगीताला शास्त्र नाही असे आपण न बोलताच सुचवतो. रानडे त्याला ‘कलासंगीत’ म्हणत. आदिम, लोक, धर्म, कला, जन आणि संगम अशा सहा कोटी त्यांनी मांडल्या. ही शिडी नव्हे; लोकसंगीत म्हणजे कलासंगीताचे बालपण नव्हे. प्रत्येक कोटीचे प्रयोजन वेगळे, म्हणून तिचा अर्थ शोधण्याची रीतही वेगळी.

४/ ही दृष्टी घेऊन कोळी-आगरी समाजातील धवलारिणीकडे पाहा. लग्नातील विधी तिच्या धवल्याच्या साथीने पुढे सरकतात. त्या गाण्याचा अर्थ केवळ शब्दांत शोधाल, तर अर्धाच हाती लागेल. कोणत्या विधीला कोणता धवला, तो कोण गाते, कोण झेलते, हाही अर्थच आहे. येथे विधीचा अधिकार एका स्त्रीच्या कंठात आहे. ही सामाजिक इतिहासातील लहान गोष्ट आहे काय?

५/ आक्षेप ठाऊक आहे: “गाण्याला तारीख नसते, ते प्रत्येक तोंडी बदलते, त्याला पुरावा कसे म्हणावे?” लढाईची तारीख ठरवायला ते उपयोगी नाही, हे मान्य. परंतु माणसे एकमेकांशी कशी बांधलेली होती, हे सांगायला बुरूज तरी कुठे उपयोगी पडतो? प्रत्येक साधनाला त्याच्या कुवतीचाच प्रश्न विचारावा लागतो.

६/ आणि बुरूज थांबून राहतो. धवलारीण थांबत नाही. तिच्यामागे शिकणारी कोणी नसेल, तर तो दस्तऐवज तिच्यासोबतच संपतो. डीजेच्या भिंतीपुढे तो आताच ऐकू येईनासा झाला आहे.

७/ तेव्हा मित्रहो, पुढच्या वेळी मढला जाल तेव्हा किल्ल्याचे छायाचित्र अवश्य घ्या. त्यानंतर कोळीवाड्यातील एखाद्या आजीच्या परवानगीने तिचे गाणे ध्वनिमुद्रित करा. मात्र नुसता आवाज साठवू नका. गाणे कोणाकडून आले, कोणत्या विधीला म्हणतात, सोबत कोण म्हणते, तेही टिपून घ्या. ही नोंद नसेल, तर आवाज उरेल आणि अर्थ हरवेल.