विनामूल्य व्याख्याने आणि शंभर गावांचा आधार

आपल्या निवासी विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा निरोप संस्थेकडून आला तेव्हा वसतिगृहातील आठवणी लिहाव्यात, असेच प्रथम मनात आले. आठवणी पुष्कळ आहेत. परंतु त्या माझ्याहून अधिक समर्थपणे लिहिणारे ज्येष्ठ माजी विद्यार्थी या अंकात असतीलच. म्हणून महाविद्यालयात अध्यापन करताना गेली काही वर्षे मला अस्वस्थ करणारा एक प्रश्न वाचकांपुढे ठेवण्याची अनुमती घेतो. जगातील नामांकित विद्यापीठांची व्याख्याने आज विनामूल्य ऐकता येतात. असे असूनही ती आपल्या मुलामुलींच्या वाट्याला का येत नाहीत? आणि ती त्यांच्या वाट्याला यावीत, यासाठी कोणी काय करावे?

या घटनेचे महत्त्व प्रथम नीट लक्षात घेतले पाहिजे. एप्रिल २००१ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे एमआयटीने, आपल्या अभ्यासक्रमांचे साहित्य इंटरनेटवर सर्वांसाठी विनामूल्य खुले करण्याचा निर्णय जाहीर केला. ज्या काळात इतर अनेक संस्था ऑनलाइन शिक्षणातून पैसा कसा मिळेल याचा विचार करीत होत्या, त्या काळात हा निर्णय झाला. २००२ मध्ये पन्नास अभ्यासक्रमांनी आरंभ झालेल्या या उपक्रमात आज अडीच हजारांहून अधिक अभ्यासक्रमांचे साहित्य आहे. २००७ मध्ये येल विद्यापीठाने आपल्या वर्गांतील संपूर्ण व्याख्यानमालांचे चित्रीकरण खुले केले. तेथे रामामूर्ती शंकर यांचे भौतिकशास्त्र आहे आणि मृत्यू या विषयावरील तत्त्वज्ञानाची एक संपूर्ण मालाही आहे. हार्वर्डमधील मायकेल सँडेल यांची न्याय या विषयावरील व्याख्याने २००९ मध्ये सर्वांसाठी उपलब्ध झाली. प्रवेशातील राखीव संधी न्याय्य आहे की नाही, यावर भरलेल्या सभागृहात विद्यार्थी परस्परांना कसे प्रश्न विचारतात, हे आपल्या विद्यार्थ्यांनी त्या मालेत अवश्य पाहावे.

आपला देशही या बाबतीत मागे राहिला नाही. २००३ मध्ये सात आयआयटी आणि बंगळूरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून ‘एनपीटेल’ हा उपक्रम सुरू केला. ९ जुलै २०१७ रोजी ‘स्वयम्’ या शासकीय व्यासपीठाचे उद्घाटन झाले आणि त्याच्या जोडीला, इंटरनेट नसलेल्या घरांसाठी, ‘स्वयंप्रभा’ या दूरचित्रवाणी वाहिन्या आल्या. व्याख्याने ऐकण्यास शुल्क नाही. प्रमाणपत्र हवे असल्यास मात्र परीक्षेचे शुल्क भरावे लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील चाळीस टक्क्यांपर्यंत श्रेयांक या मार्गाने मिळविण्याची मुभा महाविद्यालये देऊ शकतात. थोडक्यात, ज्या उंबरठ्यापाशी आपल्या कित्येक पिढ्यांना उभेही राहता आले नाही, तो उंबरठा निदान कागदावर तरी नाहीसा झाला आहे.

आपल्या समाजाच्या दृष्टीने या संधीचे मोल केवळ नोकरीपुरते नाही. १९१३ मध्ये बाबासाहेब बडोदा संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११ आणि समाजशास्त्राचे ६ अभ्यासक्रम घेतले. त्याखेरीज तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र आणि राज्यशास्त्रही अभ्यासले. पदवीसाठी जेवढे आवश्यक तेवढेच घेऊन ते थांबले नाहीत. उलट आज आपला दहावी-बारावी झालेला मुलगा कोणत्या विषयांची नावे ऐकतो? पोलीस भरती, तलाठी भरती, आयटीआय, नर्सिंग. ही सर्व क्षेत्रे सन्मानाची आहेत आणि घरच्या चुलीचा विचार करणाऱ्या मुलास त्याबद्दल कोणी दोष देऊ नये. परंतु खगोलशास्त्र, भाषाविज्ञान, संगीतशास्त्र किंवा पुरातत्त्व हेही आपल्यासाठी असू शकते, अशी कल्पनाच त्याच्या मनाला शिवू नये, ही गरिबीचीच एक जात आहे. ती दूर करण्याचे सामर्थ्य या खुल्या व्याख्यानांत आहे.

आता दुसरी बाजू. २०११ च्या शरद ऋतूत स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोन अध्यापकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम सर्वांसाठी खुला केला, तेव्हा सुमारे एक लाख साठ हजार लोकांनी नावे नोंदविली. शेवटपर्यंत पोहोचले ते वीस हजारांहून थोडे अधिक. पुढे निघालेल्या अशा बहुतेक अभ्यासक्रमांत तर शंभरांतील दहाही जण अखेरपर्यंत टिकत नाहीत, असे वारंवार आढळले. जे टिकतात त्यांत आधीच पदवीधर असलेले आणि सुस्थितीतील लोक अधिक असतात, हेही संशोधकांनी दाखवून दिले आहे. सर्वांसाठी उघडलेल्या दारातून आधीच पुढे असलेले अधिक पुढे जातात, असा त्याचा अर्थ.

या आकड्यांचा प्रत्यय मी स्वतः घेतला आहे. मी ज्या तालुक्याच्या गावी शिकवितो तेथे काही वर्षांपूर्वी अकरा विद्यार्थ्यांना मी आग्रहाने एका अभ्यासक्रमात नावे नोंदविण्यास सांगितले. परीक्षेस बसले दोघे. मी रागावलो. मुलांमध्ये चिकाटी नाही, असे अध्यापक-कक्षात बोलूनही दाखविले. मग एका विद्यार्थिनीने मला शांतपणे सांगितले, “सर, घरात फोन एकच आहे. तो दादा कामावरून रात्री नऊला आणतो. त्यानंतर भांडी घासून होईपर्यंत साडेदहा वाजतात. इंग्रजी दोनदा ऐकल्याशिवाय मला कळत नाही आणि दुसऱ्यांदा ऐकायला लागले की झोप येते.” तिच्या चिकाटीविषयी मी काय बोललो होतो, ते आठवून मला लाज वाटली. व्याख्यान विनामूल्य होते. पण ते ऐकण्यास लागणारी जागा, वेळ, विसावा आणि सोबत यांचे मूल्य तिच्या घरी कोणाला परवडणारे नव्हते.

या प्रसंगानंतर नालंदा महाविहाराविषयी वाचलेला एक तपशील मला नव्याने उमगला. सातव्या शतकात तेथे राहून अध्ययन केलेल्या युआन श्वांग याने लिहून ठेवले आहे की, प्रवेशेच्छू परदेशी विद्वानांना द्वारावरच कठीण प्रश्न विचारले जात आणि पुष्कळांना परत फिरावे लागे. नालंदेच्या थोरवीचा उल्लेख करताना आपण ही गोष्ट अभिमानाने सांगतो. परंतु त्याच्या चरित्रात आणखी एक नोंद आहे. महाविहारासाठी राजाने सुमारे शंभर गावांचा महसूल लावून दिला होता आणि त्या गावांतील कुटुंबे दररोज तांदूळ, लोणी व दूध पोहोचवीत असत. त्यामुळे अन्न, वस्त्र, निवारा आणि औषध यांसाठी विद्यार्थ्यांना कोणापुढे हात पसरावा लागत नसे. तेथील विद्या विद्यार्थ्यास विनामूल्य होती, कारण तिचे मूल्य शंभर गावे रोज चुकवीत होती. आजच्या खुल्या व्याख्यानांना द्वारावरचे प्रश्न नाहीत, ही मोठीच प्रगती. पण त्यांच्यामागे शंभर गावेही नाहीत. प्रत्येक विद्यार्थ्याने आपापले गाव आपल्या पाठीवर वाहून आणायचे आहे.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, या व्याख्यानांचे खरे स्थान एकट्या मुलाच्या फोनमध्ये नसून आपल्यासारख्या निवासी विद्यालयांत आहे. त्या विद्यार्थिनीच्या घरी जे नव्हते ते सर्व येथे आहे. संध्याकाळचा ठरलेला अभ्यासवर्ग आहे, छप्पर आहे, वेळेवर जेवण आहे, शेजारी बसणारा सोबती आहे आणि अडले तर विचारता येईल असे गुरुजन आहेत. ज्यांना आपल्या परंपरेत कल्याणमित्र म्हटले जाते, त्यांच्याविना कोणतेही अध्ययन टिकत नाही, हा अनुभव येथे राहिलेल्या प्रत्येकाचा आहे.

यासाठी फार मोठ्या निधीची आवश्यकता नाही. एमआयटीची व्याख्याने उतरवून घेता येतात. तेथील परवान्यानुसार श्रेय देऊन, व्यापारी हेतू न ठेवता आणि त्याच अटींवर पुढे देत ती वाटता येतात, त्यांचे भाषांतरही करता येते. इंटरनेट दुर्बल असलेल्या देशांतील विद्यापीठांनी या साहित्याच्या प्रती आपल्याच संगणकांवर साठवून वापरल्या आहेत. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमातील सुमारे दहा-दहा मिनिटांचे पाठ तर मराठीतही आहेत आणि ऐकता ऐकता संगणकावर स्वतः करून पाहावे, अशीच त्यांची रचना आहे. त्या विद्यार्थिनीशी बोलणे झाल्यानंतरच्या वर्षी मी एवढेच केले. आठवड्यातून दोन दिवस महाविद्यालय सुटल्यावर सर्वांना एका खोलीत बसविले, एकच पडदा लावला आणि दर दहा मिनिटांनी व्याख्यान थांबवून ‘आता हे मराठीत कोण सांगेल?’ असे विचारले. आरंभी सगळे खाली मान घालत. महिन्याभराने ते एकमेकांच्या चुका दुरुस्त करू लागले. त्या वर्षी परीक्षेस नऊ जण बसले, आणि ती विद्यार्थिनी त्यांत होती.

आपल्या विद्यालयातील वरच्या वर्गांसाठी आठवड्यातून एक संध्याकाळ अशी राखून ठेवावी, अशी माझी विनंती आहे. विषय परीक्षेच्या बाहेरचा असावा आणि तो मुलामुलींनी निवडावा. मुलींना त्या संध्याकाळी दुसरे कोणतेही काम सांगू नये. व्याख्यानात येणाऱ्या पारिभाषिक शब्दांचा मराठी कोश विद्यार्थ्यांनीच वहीत तयार करावा आणि ती वही पुढच्या तुकडीच्या स्वाधीन करावी. येथून महाविद्यालयांत गेलेल्या विद्यार्थ्यांचे परीक्षाशुल्क भरण्यासाठी आम्ही माजी विद्यार्थ्यांनी एक छोटा निधी उभारावा. शंभर गावे आता राजा लावून देणार नाही. ती आपणच व्हावयाची आहेत.

एक इशारा मात्र देणे अवश्य आहे. पडद्यावर जगद्विख्यात प्राध्यापक आहेत, तेव्हा वर्गात शिक्षक नसला तरी चालेल, असा युक्तिवाद अलीकडे कानी पडू लागला आहे. रिक्त पदे न भरण्यासाठी ही सबब सोयीची आहे आणि तिचा पहिला फटका ग्रामीण भागातील गरीब विद्यार्थ्यांनाच बसेल. ज्या मुलाच्या घरी दोन पिढ्यांची पुस्तके आहेत, त्याला कदाचित पडदा पुरेल. आपल्या मुलाला व्याख्यान थांबवून ‘कळले का रे?’ असे विचारणारा माणूस हवाच. त्या माणसाच्या जागेसाठीचा आग्रह सोडून आपण या व्याख्यानांचे स्वागत करता कामा नये.

ती विद्यार्थिनी आज पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. गेल्या दिवाळीच्या सुटीत ती भेटावयास आली, तेव्हा तिने धाकट्या बहिणीसाठी एखाद्या चांगल्या वसतिगृहाची चौकशी केली. मी तिला आपल्या विद्यालयाचा पत्ता दिला आहे. जूनमध्ये ती मुलगी येथे येईल, तेव्हा अशी एखादी संध्याकाळ सुरू झालेली असावी, एवढीच अपेक्षा.