विकतची राखण

महाडच्या बाजारपेठेत नवा लॅपटॉप घेतला की बिलात एक ओळ बहुतेक वेळा न मागता येते: अँटिव्हायरस, एक वर्षाचा. घेणारा सवचा असतो, बिरवाडीचा असतो, नाहीतर पोलादपूरच्या पलीकडे कापड्याकडचा. मुलगी बारावीला आहे, सीईटीचा अर्ज भरायचा आहे, महाडीबीटीवर शिष्यवृत्तीची कागदपत्रे चढवायची आहेत, म्हणून हप्त्याने यंत्र घरात आलेले. वर्षाने मुदत संपते. पडद्याच्या कोपऱ्यात लाल चौकोन येऊन ‘तुमचा संगणक धोक्यात आहे’ असे बजावू लागतो, आणि मुंबईच्या भावाला फोन जातो: पैसे भरू, की फुकटचा कुठला डाउनलोड करू?

माझे उत्तर आहे, दोन्ही नको. घरच्या संगणकावरचे विंडोज अस्सल आणि अद्ययावत असेल, तर त्यासोबतच आलेला डिफेंडर हा अँटिव्हायरस पुरेसा आहे. मुदत संपलेला अँटिव्हायरस काढून टाकावा, डिफेंडर चालू झाल्याची खात्री करावी, आणि दरवर्षी भरायचे पैसे आपल्या फायलींची दुसरी प्रत ठेवण्यात घालावेत.

याला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे आधी पुरते मांडले पाहिजे, कारण ते एके काळी खरे होते. विंडोज एक्सपीच्या काळात संगणकासोबत अँटिव्हायरस येतच नसे. नेट कॅफेतून किंवा एमएस-सीआयटीच्या क्लासमधून पेन ड्राइव्ह घरी आला की त्यातली ऑटोरनची फाइल आपोआप चालू व्हायची. फोल्डर गायब होऊन त्यांच्या जागी शॉर्टकट दिसायचे, आणि मुलांचे प्रकल्प, लग्नाचे फोटो सगळे अडकायचे. पेन ड्राइव्हमधली ही आपोआप चालण्याची सोय मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजवर अपडेट पाठवून बंद केली ती २०११ च्या फेब्रुवारीत. तोवर विकतचा अँटिव्हायरस हाच आधार होता. तो आधार मराठी माणसांनी उभा केला, याचा मला अभिमान आहे. मूळचे रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅलक्युलेटर दुरुस्त करत करत संगणकांकडे वळले, संगणकशास्त्र शिकणारे त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी व्हायरस काढणारे प्रोग्रॅम लिहिले, आणि त्यातून क्विक हील झाले. २०१६ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात आली. तालुक्यातालुक्यांतल्या दुकानदारांनी क्विक हीलची डबी विकली आणि गिऱ्हाइकाचा संगणक स्वतः बसून साफ करून दिला. त्या काळी ‘फुकटावर विसंबू नका’ हा सल्ला योग्यच होता.

मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा फुकट अँटिव्हायरस २००९ मध्ये आला तेव्हाही तो अपुराच होता. २०१२ च्या अखेरच्या चाचणीत जर्मनीतल्या एव्ही-टेस्ट या प्रयोगशाळेने त्याला प्रमाणपत्र नाकारले होते. त्याच सुमारास, २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये, विंडोज ८ बाजारात आले आणि त्यात अँटिव्हायरस, हाच तो डिफेंडर, मुळातच बसवलेला होता. पुढच्या वर्षांत मायक्रोसॉफ्टने त्यावर काम केले. त्याच एव्ही-टेस्टच्या चाचण्यांत गेली काही वर्षे डिफेंडर वरच्या गुणांच्या रांगेत, विकतच्या नामांकित उत्पादनांच्या शेजारी बसतो. आमच्याकडचा सल्ला मात्र २०१० सालावरच थांबला आहे.

‘फुकट दिले म्हणजे कुठेतरी वसूल करणारच’ हा दुसरा आक्षेप, आणि तो मला अर्धा मान्य आहे. म्हणूनच मी ‘फुकटचा कुठला तरी टाका’ असे सांगत नाही. प्रागच्या अवास्त कंपनीचा फुकट अँटिव्हायरस जगभर कोट्यवधी लोकांनी बसवला. ही माणसे इंटरनेटवर काय पाहतात, काय शोधतात याची माहिती तिची जम्पशॉट ही उपकंपनी विकत होती, हे २०२० च्या जानेवारीत उघड झाले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये तिच्याकडून १ कोटी ६५ लाख डॉलर वसूल करण्याचा आदेश काढला. राखणीला ठेवलेल्यानेच घरातली माहिती बाजारात नेली, तर तो संताप येण्यासारखाच प्रकार आहे. डिफेंडरची गोष्ट वेगळी आहे. त्याची किंमत आपण विंडोजच्या परवान्यात आधीच भरलेली असते, आणि विंडोज बदनाम होऊ नये ही त्याच्या मालकाची स्वतःची गरज आहे. एकदा ज्याचे पैसे दिले तेच दुसऱ्या नावाने दरवर्षी पुन्हा विकत घेण्याचे कारण मला दिसत नाही.

तिसरा आक्षेप आमच्या भागाचा आहे, आणि सगळ्यांत वजनदार आहे. डिफेंडरची बरीच ताकद इंटरनेटवर अवलंबून असते. अनोळखी फाइल आली की तो मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला विचारतो आणि उत्तरावरून निर्णय घेतो. ऑस्ट्रियातल्या एव्ही-कंपॅरेटिव्हज या संस्थेच्या चाचण्यांत, जोडणी तोडल्यावर डिफेंडरची पकड विकतच्या काही उत्पादनांपेक्षा स्पष्टपणे कमी पडलेली दिसते. आता आंबेनळी घाटाच्या किंवा वरंधच्या पायथ्याची वाडी डोळ्यांसमोर आणा. आषाढात वीज गेली की टॉवरही जातो, आणि दोन-दोन दिवस मोबाइलवर काडी येत नाही. अशा ठिकाणी इंटरनेटवर विसंबणारी राखण कशी चालेल, असे कोणी विचारले तर तो प्रश्न उडवून लावता येणार नाही.

पण इंटरनेट बंद असताना घरच्या संगणकात व्हायरस येईल कुठून? ईमेल येत नाही, वेबसाइट उघडत नाही. दार उरते एकच, दुसऱ्याचा पेन ड्राइव्ह. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला नेलेला पेन ड्राइव्ह परत आल्यावर नेट नसेल तर तो लावू नये, नेट आल्यावर लावावा आणि उघडण्याआधी तपासून घ्यावा. जमल्यास प्रिंटसाठी पेन ड्राइव्ह नेऊच नये, पीडीएफ दुकानाच्या ईमेलवर पाठवावी. फाइल एक्सप्लोररमध्ये फायलींच्या नावांची शेपटे (एक्स्टेन्शन) दिसू द्यावीत, म्हणजे ‘हॉलतिकीट’ नावाची फाइल पीडीएफ आहे की ईएक्सई ते डोळ्यांनाच कळते. यातल्या एकाही गोष्टीला पैसा लागत नाही. मात्र झेरॉक्सवाला, आपले सरकार सेवा केंद्र चालवणारा, फोटो स्टुडिओवाला यांच्या यंत्रात दिवसभर परक्यांचे पेन ड्राइव्ह शिरतात. त्यांनी विकतचाच घ्यावा, आणि दरवर्षी वेळेवर नूतनीकरण करावे. माझा वाद घरच्या संगणकापुरता आहे.

‘पैसे भरले की निर्धास्त’ ही चौथी समजूत. तिच्यामुळे सर्वांत जास्त नुकसान होते असे मला वाटते, कारण निर्धास्त झालेला माणूस अपडेट पुढे ढकलतो. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा फायलींना कुलूप लावणारा व्हायरस जगभर पसरला, भारतातही आला. ज्या भगदाडातून तो शिरला ते बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिले होते. जवळपास दोन महिने हातात असताना ज्यांनी ते बसवले नाही, त्यांच्या फायलींना कुलूप लागले. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, नॉटपेट्या हा दुसरा व्हायरस आला आणि आपल्या रायगड जिल्ह्यातच, उरणजवळच्या जेएनपीटी बंदरात मार्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. मार्स्क म्हणजे जगातली तेव्हाची सर्वांत मोठी कंटेनर वाहतूक कंपनी, तिला सुरक्षेसाठी पैशांची वानवा नव्हती. तरी तिला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. हा घाव आला तो युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. विकतच्या अँटिव्हायरसचा स्वतःचा मार्गही अभेद्य नसतो. भारतीय ई-स्कॅनचे अपडेट ज्या वाटेने येत, त्याच वाटेत शिरून हल्लेखोरांनी आपला प्रोग्रॅम घुसवल्याचे २०२४ च्या एप्रिलमध्ये उजेडात आले. ती त्रुटी कंपनीने त्याआधी दुरुस्त केली होती.

म्हणून अपडेट आधी. क्रॅक केलेले विंडोज वापरणाऱ्याने अँटिव्हायरसची चर्चाच करू नये. तो क्रॅक बसवताना ‘अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना असते, आणि दार तिथेच उघडे पडते. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. घरच्या ग्राहकाला नोंदणी करून एक वर्षाची मुदतवाढ मिळते, ती घ्यावी आणि तेवढ्या काळात विंडोज ११ ची सोय पाहावी. यंत्र जुने असेल आणि ११ चालत नसेल, तर लिनक्स मिंट बसवून ब्राउझर, पत्रलेखन आणि अभ्यास सहज होतो. भगदाड पडलेल्या विंडोजवर महागातला अँटिव्हायरस चढवण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित आहे.

बँकेच्या व्यवहारांसाठी तरी विकतचा हवा, असेही सांगतात. आमच्याकडे लोकांचे पैसे गेले ते कसे, हे गावागावात विचारून पाहावे. व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका म्हणून आलेली एपीके फाइल मोबाइलवर दाबली. ‘केवायसी बंद होतेय’ म्हणणाऱ्याच्या सांगण्यावरून एनीडेस्क हे आपले यंत्र दुसऱ्याच्या हाती देणारे अॅप घेतले. ओटीपी वाचून दाखवला. स्वतःच्या हाताने दिलेली परवानगी संगणकावरचा अँटिव्हायरस रोखू शकत नाही. इथे १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक घराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलेला जास्त उपयोगी पडतो, कारण पैसे गेल्यावर पहिल्या तासाभरात केलेल्या तक्रारीने ते वाटेत अडवण्याची शक्यता असते.

आता वाचलेले पैसे दुसऱ्या प्रतीत का घालायचे ते. मार्स्कचे जाळे पुन्हा उभे राहिले ते एका प्रतीमुळे. कोणाला कुठला प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे तिचे सगळे सर्व्हर पुसले गेले होते. उरला एकच, आफ्रिकेतल्या घानाच्या कार्यालयातला, आणि तो वाचला कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. जाळ्यापासून तुटलेली एक प्रत एवढ्या मोठ्या कंपनीला तारून गेली. कोकणात तर प्रतीचे कारण दुहेरी आहे. २२ जुलै २०२१ च्या रात्री सावित्री नदी महाडमध्ये शिरली. वर महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलीमीटर पाऊस झाला होता. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. माणसे गेली त्या दुःखापुढे संगणकाची गोष्ट काढू नये हे खरे. पण पूर ओसरल्यावर बाजारपेठेच्या चिखलात दुकानांचे हिशेब, क्लासच्या नोंदी, स्टुडिओतले लोकांच्या लग्नांचे फोटो साठवलेली यंत्रेही होती. त्यांतल्या किती यंत्रांवर अँटिव्हायरस होता याला त्या सकाळी काही अर्थ उरला नव्हता.

एक बाहेरची हार्ड डिस्क घ्यावी. विकतच्या अँटिव्हायरसच्या काही वर्षांच्या वर्गणीत ती येते. महिन्यातून एकदा तिच्यात कागदपत्रे आणि फोटो उतरवावेत, आणि काम झाले की ती काढून ठेवावी. जोडलेलीच राहिली तर फायलींना कुलूप लावणारा व्हायरस तिलाही सोडत नाही. सावित्रीकाठच्या सवसारख्या गावात ती तळमजल्यावर ठेवू नये, आणि माळ्यावरही विसंबू नये. दुसरी डिस्क गणपतीला आलेल्या भावाच्या हाती मुंबईला पाठवावी, शिमग्याला आला की तिच्यात नवे भरावे. दाखले, गुणपत्रिका आणि सातबारा एवढेच असेल तर गुगलच्या फुकटच्या १५ जीबीत आरामात मावते. प्रत घेतल्यावर तिच्यातली एखादी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी, नाहीतर प्रत आहे हा नुसता समज.

एक आक्षेप शेवटपर्यंत मनात राहतो: सगळ्यांनी असे केले तर तालुक्याच्या दुकानदाराने काय करायचे? तो आपलाच माणूस आहे, आणि परवान्याच्या विक्रीवर त्याचे घर काही अंशी चालते. पण त्या डबीच्या किमतीतले त्याच्या हाती थोडेच उरते. गिऱ्हाइकाला खरी गरज त्याच्या हातांची आणि डोक्याची आहे: विंडोज ११ बसवून देणे, जुना अँटिव्हायरस पूर्ण काढणे, प्रत घेणे आणि ती उघडते का पाहणे. या कामाची मजुरी ठरवून द्यावी, घासाघीस न करता. मे महिन्यात कौले शाकारायला माणूस बोलावतो तेव्हाच त्यालाही घरी बोलवावे, आणि मृग लागायच्या आत डिस्क भरून मुंबईच्या गाडीत ठेवावी.