टेबल मिळते, घर मिळत नाही

लिस्बनच्या आल्कांतारा भागात टेजो नदीवरच्या २५ एप्रिल पुलाची घरघर दिवसभर डोक्यावर चालू असते. पूल १९६६ सालचा. त्याच्या पोटाखाली उभी असलेली वास्तू त्याहून शंभरावर वर्षांनी जुनी आहे. १८४६ पासून तिथे सूतकताई आणि कापडाची गिरणी होती, पुढे त्याच आवारात छापखाने आले, मग तेही थंडावले. २००८ मध्ये सुमारे २३ हजार चौरस मीटरचे हे आवार ‘एलएक्स फॅक्टरी’ या नावाने नव्याने उघडले. आज लिस्बनला जाणारा कोणीही पर्यटक इथे चक्कर मारल्याशिवाय परतत नाही. फाटकातून आत शिरले की दगडी फरसबंदीचा एकच मुख्य रस्ता लागतो. दोन्ही बाजूंना खाली खानावळी, दागिन्यांची आणि कपड्यांची दुकाने. भिंतींवर दोन-दोन मजली चित्रे. आणि वर, जिथे कधी माग खडखडत, तिथे लॅपटॉप उघडून बसलेली मंडळी.

याच आवारात ‘लेर देवागार’ हे पुस्तकांचे दुकान आहे. छापखाना गेला, पण त्याचे अजस्र छपाईयंत्र कोणी हलवले नाही. ते दुकानाच्या मधोमध तसेच उभे आहे. चहूबाजूंनी छतापर्यंत पुस्तके, आणि वर हवेत पंख लावलेल्या सायकलवरून निघालेली एक बाई टांगलेली. फोटो काढणाऱ्यांची इथे इतकी गर्दी असते की पुस्तक चाळणाऱ्यालाच अंग चोरून उभे राहावे लागते. दुकान मूळचे इथले नव्हे. १९९९ मध्ये ते बाइरू आल्तू या जुन्या वस्तीत सुरू झाले आणि बिऱ्हाड पाठीवर घेऊन इथवर आले. लिस्बनमध्ये पुस्तके, चित्रे, संगीत यांच्या नशिबी बहुधा असेच भटकणे आले आहे.

एलएक्स फॅक्टरीची गोम अशी की ती कायमची ठेवायची म्हणून कोणी उभारलीच नव्हती. जागा एका गुंतवणूक कंपनीने घेतली होती आणि आल्कांताराचा विकास आराखडा मंजुरीच्या वाटेवर अडकला होता. मधल्या काळात रिकामे गाळे पडून राहण्यापेक्षा वास्तुविशारद, छायाचित्रकार, जाहिरातवाले यांना द्यावेत, एवढाच सरळ हिशेब. त्यांनी भिंती रंगवल्या, दिवे लावले, माणसे आणली. २०१७ मध्ये सगळे आवार एका फ्रेंच गुंतवणूक कंपनीने विकत घेतले. मराठीत याला आयत्या बिळावर नागोबा म्हणतात.

अशा जागांची लिस्बनमध्ये आता माळच लागली आहे. आल्कांतारातच ट्रामगाड्यांच्या संग्रहालयाच्या आवारात २०१४ पासून ‘व्हिलेज अंडरग्राउंड’ आहे. तिथे जहाजी कंटेनर आणि जुन्या दुमजली बस एकमेकांवर रचून कामाच्या खोल्या केल्या आहेत. काइश दू सोद्रे स्थानकासमोर १८८२ चा ‘मेर्कादू दा रिबेइरा’ हा मोठा बाजार आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर २०१६ मध्ये ‘सेकंड होम’ हे लंडनचे को-वर्किंग, म्हणजे भाड्याने टेबल देणारे सामायिक कार्यालय, आले. ‘सेल्गासकानो’ या स्पॅनिश वास्तुविशारद जोडीने त्याची रचना केली. हजाराहून अधिक कुंड्या, वळणावळणाची टेबले, भरपूर उजेड. काचघरात बसल्यासारखे वाटते. खालच्या मजल्यावर एका अंगाला अजून भाजी आणि मासळीचा बाजार भरतो. दुसऱ्या अंगाला २०१४ पासून ‘टाइम आउट’ मासिकाने चालवलेले खाद्यदालन आहे. सकाळी मासळीवाल्यांचा व्यवहार उरकत आलेला असतो, तेव्हा जिन्याने वरच्या मजल्याचे सभासद चढत असतात. एकाच छपराखाली तीन शहरे नांदतात आणि तिघांच्या खिशाचे वजन वेगवेगळे आहे.

पूर्वेकडे, मार्विला आणि बेआतू या भागांत, चित्र अधिक खडबडीत आहे. हा लिस्बनचा जुना कारखान्यांचा पट्टा. दारूची कोठारे, रेल्वेचे रूळ, गोद्या. इथल्या ‘ब्रासू द प्राता’ या दारूगोळ्याच्या बंद कारखान्याच्या इमारतीत २००७ पासून पुस्तके, जॅझ आणि तत्त्वज्ञानाच्या चर्चा एकत्र चालत आल्या आहेत. ‘लेर देवागार’चा मुक्कामही काही काळ इथे होता. लगतच्या जमिनीवर रेंझो पियानो या नामवंत इटालियन वास्तुविशारदाने आखलेली नदीकाठची महागडी सदनिकांची वसाहत उभी राहिली आहे. गाणे ऐकायला येणाऱ्यांपैकी तिथे घर घेऊ शकतील असे किती, याचा अंदाज कोणालाही करता येईल.

लिस्बनवर ही वेळ आली कशी, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते. आणि त्या गोष्टीत आपल्याकडचा एक धागाही आहे. २००७ ते २०१५ या काळात लिस्बनचे महापौर होते आंतोनियो कॉश्ता. त्यांचे वडील, लेखक ओर्लांदो दा कॉश्ता, यांचे घराणे मडगावचे. आप्तेष्टांत आंतोनियो ‘बाबुश’ म्हणूनच ओळखले जातात. महापालिकेच्या अंदाजपत्रकातला काही वाटा कशावर खर्चायचा, हे थेट नागरिकांच्या मतांवर ठरवण्याची पद्धत त्यांच्या कारकिर्दीत रुजली. त्यात लोकांनी एका प्रस्तावाला पसंती दिली: अठराव्या शतकातल्या मोठ्या भूकंपानंतर नव्याने आखलेल्या, पण ओस पडत चाललेल्या बाइशा या मध्यवर्ती पेठेत नव्या उद्योजकांसाठी जागा द्या. त्यातून २०१२ मध्ये ‘स्टार्टअप लिस्बोआ’ सुरू झाले. देशाची अवस्था तेव्हा बिकट होती. २०११ मध्येच पोर्तुगालला ७८ अब्ज युरोचे बाह्य कर्जसाहाय्य घ्यावे लागले होते. शिकलेली तरुण पोरे देश सोडून जात होती. रिकाम्या इमारतीत चार टेबले टाकून धंदा सुरू करणे हा तेव्हा चैनीचा प्रकार नव्हता. ती गरज होती.

गडबड दुसऱ्या बाजूने झाली. लिस्बन आणि पोर्तू या दोन शहरांतली घरभाडी १९४८ पासून कायद्याने गोठलेली होती. मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा १९४७ चा; पागडीच्या घरात वाढलेल्या वाचकाला पुढचे सांगायला नको. मालक दुरुस्ती करीना, भाडेकरू हलेना, छपरे गळत राहिली. २०१२ मध्ये कर्जदात्यांच्या दबावाखाली हा कायदा बराचसा मोकळा करण्यात आला. त्याच वर्षी तत्कालीन उजव्या सरकारने ‘गोल्डन व्हिसा’ आणला: पाच लाख युरोचे घर घ्या आणि राहण्याचा परवाना मिळवा. परदेशातून येणाऱ्यांना आयकरातली सूट त्याआधी, २००९ पासून, होतीच. २०१६ मध्ये ‘वेब समिट’ हा तंत्रज्ञानाचा बडा मेळावा डब्लिनहून लिस्बनला आला. प्रत्येक निर्णय सुटा पाहिला तर त्यामागे काही ना काही तर्क सापडतो. सगळे एकत्र आले आणि शहराचे भाडे शहरात कमावणाऱ्यांच्या हाताबाहेर गेले.

याचा कळस ऑक्टोबर २०२२ मध्ये झाला. कॉश्ता तेव्हा पंतप्रधान होते. परदेशी कंपनीसाठी पोर्तुगालमध्ये बसून काम करणाऱ्यांसाठी त्यांच्या सरकारने खास व्हिसा सुरू केला. अट अशी की अर्जदाराचे मासिक उत्पन्न पोर्तुगालच्या किमान वेतनाच्या किमान चौपट हवे. किमान वेतन तेव्हा ७०५ युरो होते. म्हणजे पाहुण्याने दरमहा २,८२० युरो दाखवायचे. सरकारने स्वतःच्या हाताने लिहिलेला हा आकडा पुरेसा बोलका आहे. खोली एकच, आणि बोली लावणाऱ्या दोघांपैकी एकाचा पगार दुसऱ्याच्या चौपट असेल, हे कायद्यातच ठरवून दिलेले. घरमालकाने कोणाला निवडावे, अशी अपेक्षा होती?

१ एप्रिल २०२३ रोजी लिस्बनसह अनेक शहरांत हजारो लोक ‘राहायला घर’ मागत रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी सरकारने घरखरेदीच्या बदल्यात मिळणारा गोल्डन व्हिसा बंद केला आणि पर्यटकांना घरे देण्याच्या नव्या परवान्यांवर निर्बंध आणले. २०२४ मध्ये सरकार बदलले आणि त्यातले काही निर्बंध मागेही घेतले गेले. खुद्द लिस्बन शहराची लोकसंख्या १९८१ मध्ये आठ लाखांच्या वर होती. २०२१ च्या जनगणनेत ती साधारण साडेपाच लाख भरली. ही ओहोटी को-वर्किंगच्या कितीतरी आधी सुरू झाली, उपनगरे वाढत गेली तशी. तेव्हा सारे खापर लॅपटॉपवाल्यांच्या माथी फोडणे खोटेपणाचे होईल.

उलट बाजूही मांडायला हवी. हे लोक आले नसते तर आल्कांताराच्या गिरणीचे काय झाले असते? बहुधा पाडापाडी, आणि तिथे काचेचे टॉवर. छपाईयंत्र भंगारात गेले असते. भिंत वाचली, यंत्र वाचले, शहराच्या कष्टाची खूण राहिली, ही कमाई लहान नाही. प्रश्न इमारत वाचल्याचा नाहीच. जमीन कोणाची आणि भाडेपट्टा किती वर्षांचा, एवढ्याच दोन ओळींवर सगळे फिरते. चित्रकाराला वर्षा-दोन वर्षांचा करार असेल, तर तो जागेचा भाव वाढवणारा बिनपगारी नोकर ठरतो.

बेआतूमध्ये म्हणूनच लक्ष ठेवायला हवे. लष्कराला पाव, बिस्किटे आणि शेवया पुरवणारा तिथला जुना कारखाना सुमारे ३५ हजार चौरस मीटरचा. त्याच्या नूतनीकरणाची सूत्रे महापालिकेच्या हाती आहेत. पालिका त्या इमारती खासगी कंपन्यांना दीर्घ मुदतीने वापरायला देते. मालकी सार्वजनिक राहिली, हे चांगलेच. पण महापौर कार्लुश मुएदश यांनी तिथे ‘युनिकॉर्न फॅक्टरी’चा झेंडा लावला, म्हणजे अब्ज डॉलरच्या कंपन्या घडवण्याचा. शेजारच्या मार्विलात पालिकेच्याच भाड्याच्या चाळवजा इमारतींत राहणाऱ्या कुटुंबांची पोरे त्या फाटकातून आत किती जातात, हा आकडा पालिकेने दर वर्षी जाहीर केला पाहिजे. पायाभरणीच्या फोटोपेक्षा त्याला जास्त किंमत आहे.

मुंबईकराने हे सगळे दूरचे म्हणून सोडून देऊ नये. गिरण्यांच्या जमिनीचे एक तृतीयांश सूत्र १९९१ च्या नियमावलीत आले: एक वाटा मोकळ्या जागेला, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. २००१ मध्ये त्यात बदल झाला आणि वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली; बांधकाम असलेली जमीन हिशेबाबाहेर गेली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला. लालबाग-परळात काय उगवले, ते डोळ्यांसमोर आहे. आता पाळी पूर्व किनाऱ्याची. ससून डॉकपासून वडाळ्यापर्यंत बंदराच्या ताब्यात अठराशे एकरांच्या आसपास जमीन आहे आणि राणी जाधव समितीने २०१४ मध्येच तिच्या वापराचा आराखडा सुचवला होता. २०१७ च्या हिवाळ्यात ससून डॉकमध्ये कलाप्रदर्शन भरले. कोळणींच्या मोठाल्या तसबिरी भिंतींवर चढल्या, दक्षिण मुंबईतली मंडळी नाकाला रुमाल लावून का होईना, पहिल्यांदा तिथे आली. प्रदर्शन उत्तम होते. लिस्बनमध्येही सुरुवात अशीच झाली होती.

म्हणून पूर्व किनाऱ्यावरच्या एखाद्या गोदामात पुढेमागे ‘क्रिएटिव्ह हब’ची घोषणा झाली, तर पत्रकार परिषदेत पहिला प्रश्न आराखड्याच्या रंगीत चित्रांवर विचारू नये. जमीन विकली जाणार की भाड्याने जाणार, कराराची मुदत किती, भाडेवाढ कोणत्या हिशेबाने, आणि किती गाळे कोळी, सुतार, छापखानेवाले, नाट्यसंस्था यांच्यासाठी कायम राखले आहेत, हे लेखी मागावे. एलएक्स फॅक्टरीतल्या कलावंतांच्या हाती असे काही कागद असते, तर २०१७ चा तो व्यवहार त्यांना वगळून झाला नसता.