पोर्टला टेप लावली म्हणजे लॅब सुरक्षित झाली का?

आपल्या तालुक्यातल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅबच्या सगळ्या यूएसबी पोर्टांवर टेप चिकटवलीये. कारण काय, तर व्हायरस. आणि त्याच मुलांना तोंडी परीक्षेत विचारतात, "बूटेबल पेन ड्राइव्ह कसा बनवतात?" मुलं वहीतल्या पायऱ्या धडाधड म्हणून दाखवतात. पोहायला शिकवायचं, पण विहिरीला कुलूप!

भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. २०१० मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट पेन ड्राइव्हमधूनच पसरायचा, फोल्डर नुसतं उघडून पाहिलं तरी पुरे. पण म्हणून शिकवणंच बंद?

क्यूएमू नावाचं सॉफ्टवेअर २००३ पासून आहे, फुकट आहे. कॉम्प्युटरच्या आत ते दुसरा कॉम्प्युटर उभा करतं, आणि हार्ड डिस्कवरची एक साधी फाइल त्याला पेन ड्राइव्ह म्हणून जोडता येते. आतल्या लिनक्सला यूएसबीचा पेन ड्राइव्ह लागलाय असंच वाटतं. पार्टिशन करा, फॉरमॅट मारा, त्यावरून बूट करा. कॉपी चालू असताना एक कमांड देऊन मध्येच उपटून बघा, म्हणजे 'सेफली रिमूव्ह' कशाला म्हणतात ते न सांगता कळेल. बिघडलं तर फाइल पुसायची, नवी करायची. अख्ख्या बॅचला एकही पेन ड्राइव्ह विकत घ्यावा लागत नाही.

इथे एक गफलत हमखास होते. खरा पेन ड्राइव्ह लावून तो व्हर्च्युअल मशीनकडे सोपवणं वेगळं, आणि फाइलचा पेन ड्राइव्ह करणं वेगळं. पहिल्या प्रकारात अनोळखी वस्तू आधी खऱ्या पोर्टातच शिरते. पेन ड्राइव्ह स्वतःला कीबोर्ड म्हणवून परस्पर कमांड टाइप करू शकतो, हे २०१४ मध्ये 'बॅडयूएसबी'च्या संशोधकांनी दाखवून दिलंय. दुसऱ्या प्रकारात पोर्टाला हातच लागत नाही. टेप राहू द्या की हवी तर!

"मशीन जुनी आहेत" हे ऐकून कान किटले. डेस्कटॉप नसलेलं अल्पाइन लिनक्स ५१२ एमबी रॅममध्ये आरामात चालतं. रडगाणं मशीनचं नाहीये, शिकवणाऱ्याला कुणी शिकवलं नाही त्याचं आहे.

ज्याच्या घरी लॅपटॉप आहे तो हे सगळं घरी करून बघतो. एसटीने येणाऱ्या पोरीला लॅब हाच काय तो कॉम्प्युटर. उद्या ती दुरुस्तीच्या दुकानात लागली की पहिल्याच दिवशी समोर गिऱ्हाइकाचं मशीन येणार, त्यात कुणाच्या लग्नाचे फोटो, कुणाचा दुकानाचा हिशोब. यादीत दोन डिस्क दिसतात, पेन ड्राइव्ह कुठला ते ओळखून फॉरमॅट मारायचं असतं. ती चूक तिने पहिल्यांदा कुठे करावी, लॅबमधल्या फाइलवर की गिऱ्हाइकाच्या हिशोबावर?

पुढच्या पालक सभेत हा प्रश्न मी लेखी देणार आहे. ज्यांची मुलं तिथे शिकतात त्यांनी सहीला यावं. लिनक्सवर हे कसं करायचं त्याच्या पायऱ्या मी मराठीत लिहून ठेवल्यात, शिक्षकांपैकी कुणाला हव्या असतील तर कळवा. शनिवारी येऊन करूनही दाखवीन, पैसे नकोत.